तिसऱ्या टोकाची गाठ

बारा वाजले की माझी सून मला दुकानातून हाकलते. "बाबा, जेवायला जा. जेवून जरा पडा. तासभर तरी येऊ नका." कालपर्यंत सहा महिने हा नेम चुकला नव्हता. चाळीस वर्षं मी विजेच्या जळक्या मोटारींत नवी तार भरतोय, दुकान माझं, आणि मलाच बाहेर पिटाळतात! मुलगा लांबच्या नोकरीवर, तक्रार करायची तरी कुणाकडे? मी तिला मास्तरीण म्हणतो. प्रत्येक मोटारीचे वेढे, तारेची जाडी, करंट, कुणाकडून काय चुकलं, सगळं ती वहीत उतरवते. मी उभ्या जन्मात एक ओळ लिहिली नाही. माझं सगळं बोटांत होतं.

होतं म्हणतो, कारण वर्षभरापासून बोटांची टोकं बधिर झालीत. साखरेचा आजार. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की दुकानात माझी किंमत कोपऱ्यातल्या मोडक्या खुर्चीइतकी, याची मला भीती वाटायची.

थ्री-फेज मोटारीत तारांचे तीन संच असतात. प्रत्येकाची एक सुरुवात, एक शेवट, म्हणजे सहा टोकं बाहेर येतात. तीन गडी पाळीपाळीने एखादं चक्र ढकलतात, तसे हे तिघे मोटार फिरवतात. एकाची टोकं उलटसुलट लागली, तर तो गडी विरुद्ध बाजूने ढकलायला लागतो. मग चक्र जागच्या जागी कण्हतं आणि ढकलणाऱ्यांना घाम फुटतो, म्हणजे करंट वाढतो. म्हणून सुरुवातीची तीन टोकं ओळखता यायलाच हवीत. भरलेली मोटार वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत सुकवतात, चिठ्ठी लावली तर त्यात भिजून गळते. माझी रीत गाठींची. पहिल्या सुरुवातीला सुती दोऱ्याची एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन. शेवट मोकळे. आणि सुरुवात शोधायची तर तारेवर बोट ठेवून गुंत्यातून, ती ज्या खाचेत बसवलीय तिच्या तळापर्यंत जायचं. तिथे डोळा पोचत नाही, बोटच पोचतं.

परवा पाववाल्याची मोटार आली. कणीक मळायच्या यंत्राची, साडेसात हॉर्सपॉवरची. पाववाला स्टुलावर ठाण मांडूनच बसला. काल सकाळी भरणं संपलं, मी गाठी बांधल्या. तिसऱ्या संचाची तार मधेच कुठेतरी हरवल्यासारखी झाली, पण मी बोट तसंच पुढे नेलं आणि जी हाताला लागली तिला तीन गाठी मारल्या. बारा वाजले.

"बाबा, जेवायला जा," मास्तरीण म्हणाली.

"आज नाही. गिऱ्हाईक अडून बसलंय."

"मी बघते ना पुढचं."

"मी काय मेलोय?" मी खेकसलो. मोटार वॉर्निशमध्ये बुडवली, निथळली आणि भट्टीत ठेवेपर्यंत जागचा हललो नाही. ती नुसती उभी होती. एकदा काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग पाववाल्याकडे बघून मिटलं.

आज सकाळी पाववाला पुन्हा स्टुलावर आणि मी शेजारी, आमच्या देखतच तिने मोटार जुळवली. गाठी पाहून सहा टोकं पेटीत बसवली, पितळी पट्ट्या आवळल्या, बटण दाबलं. मोटार फिरेना. म्हणजे फिरली, पण आजारी रेड्यासारखी हंबरत, कशीबशी.

"बंद कर!" मी ओरडलो. आवाजावरूनच कळलं होतं. एक संच उलटा. "टोकं नीट बघायची नाहीत का? एवढ्या वह्या भरतेस, आणि तीन गाठी मोजता येत नाहीत?"

क्षणभरच पुन्हा चालू करून तिने करंट मोजायचा क्लॅम्प मीटर एकेका तारेला लावला. यंत्राला न जोडलेल्या मोकळ्या मोटारीला चार-साडेचार अँपिअर पुरतात. इथे तिन्ही आकडे भलतेच चढलेले, आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. तिने सप्लाय तोडला, पट्ट्या काढल्या, एक छोटी बॅटरी आणि काट्याचा मीटर घेतला. पहिल्या संचाला बॅटरी टेकवली आणि दुसऱ्यावर काटा पाहिला. मग तिसऱ्यावर. तिसऱ्याचा काटा उलटीकडे उडाला, म्हणजे उलटा संच तोच. तीन गाठींची तार तिच्या हातात होती. गाठी बरोबर तीनच होत्या. फक्त त्या सुरुवातीला नव्हत्या, शेवटाला होत्या.

"काय झालं? चुकलं कुणाचं?" पाववाल्याने विचारलं. "तिकडे माझी माणसं हाताने कणीक मळतायत."

"माझं," मास्तरीण म्हणाली. "घाईत टोकं उलटी लागली. पाच मिनिटं द्या."

गप्प बसलो असतो तर झाकली मूठ तशीच राहिली असती. पण माझा एवढा ओरडा खाऊनही ती माझं पाप स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि मला माझीच लाज वाटली.

"तिचं नाही," मी म्हणालो. "गाठ मी बांधली. माझ्या बोटांना आता कळत नाही."

पाववाला कसनुसा हसला आणि खिशात काहीतरी शोधायला लागला. तिने दोन टोकं बदलून पट्ट्या आवळल्या. बटण दाबताच मोटार एका दमात वेगात गेली. तिन्ही तारांत साडेचार. पाववाला मोटार हातगाडीवर घालून गेला.

"मला ठाऊक होतं," ती हत्यारं पुसत म्हणाली. "एकदा भट्टीची इस्त्रीसारखी तापलेली कडी तुमच्या बोटांना लागली होती. तुम्ही बोटं काढलीच नाहीत. मी हात मागे ओढला."

"कधी?"

"सहा महिने झाले."

मी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणून जेवायला पिटाळतेस?"

"तासाभरात गाठी तपासून होतात. वॉर्निशच्या आधी. ते सुकलं की गाठ सुटत नाही."

"किती चुकल्या आजवर?"

"अकरा."

"वहीत लिहिल्यास?"

"नाही. त्या नाही लिहिल्या."

मी वही तिच्यापुढे सरकवली. म्हणालो, "आजची लिही. माझ्या नावावर. आणि उद्यापासून गाठी तू बांध, मी शेजारी बसून आवाज ऐकेन."

तिने वही उघडली, लिहिलं, मिटली. बारा वाजत आले होते. सवयीने ती म्हणाली, "बाबा, जेवायला जा."

"आता कशाला थांबतेस तू मागे?" मी म्हणालो. "चल."

सहा महिन्यांत पहिल्यांदाच दुकानाला कुलूप लावून आम्ही दोघं घरी जेवायला गेलो.