दोन नळ्या आणि एक शेंदरी रंग

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. डबी म्हटलं की तुम्हाला कुंकवाची नाहीतर तपकिरीची डबी आठवेल. मी तशी नाही. मी पाणी तपासते. माझ्या पोटात काचेसारख्या स्वच्छ प्लास्टिकच्या दोन नळ्या आहेत, एकमेकींना चिकटून उभ्या. एकीच्या बाजूला पिवळ्या रंगाच्या छटा छापल्या आहेत, फिकटापासून गडदापर्यंत. दुसरीच्या बाजूला आधी पिवळा, मग शेंदरी, मग लाल आणि शेवटी गुलाबी. सोबत थेंब टाकायच्या दोन छोट्या बाटल्या. एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे रंग छापून झाले की एक बाई प्रत्येक डबी खिडकीपाशी उजेडात धरून बघायची. रंग जरा इकडेतिकडे वाटला तर ती डबी बाजूला काढायची. तेव्हा मला तिचा राग येई. आता वाटतं, तिचं बरोबर होतं. मला तोंड नाही. जे सांगायचं ते मी रंगानेच सांगते. रंगच चुकला तर माझ्या बोलण्याला काय अर्थ?

तिथून मी खोक्यात बसून रायपूरला आले. रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. तेलीबांध्याच्या तलावापुढे नवी घरं उठत होती. पंप आणि पाइप विकणाऱ्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात पडले होते. मग एके दिवशी निरंजन नावाचा इंजिनिअर आला आणि मला घेऊन गेला.

निरंजनने घराच्या मागे पोहण्याचं एक लहानसं टाकं बांधलं होतं. हौसेसाठी नव्हे, आईसाठी. त्याच्या आई सरोजिनीबाई ओल्या फरशीवरून घसरल्या होत्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण पाय काही टेकवेना. वॉकर धरूनसुद्धा त्या चार पावलांत रडकुंडीला येत. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला, पाण्यात अंगाचं वजन लागत नाही. मग टाकं झालं. उतरायला पायऱ्या, धरायला कडेने स्टीलचा दांडा. सरोजिनीबाई मात्र त्याला कायम हौदच म्हणत.

साठवलेल्या पाण्याची दोन दुखणी असतात, मित्रांनो. पाण्यात क्लोरीन कमी पडलं की जंतू वाढतात. ते मी पहिल्या नळीत पिवळ्या रंगाने सांगते. आणि पाणी कधी आंबटाकडे झुकतं, कधी खाराकडे, म्हणजे अल्कलीकडे. ते मी दुसऱ्या नळीत सांगते. पिवळा आला तर पाणी आंबट, त्यात सोडा टाका. गुलाबी आला तर खारं, त्यात जपून थोडं ॲसिड टाका. शेंदरी आला की समजा, पाणी माणसाच्या डोळ्यांना आणि कातडीला मानवेल असं आहे.

सुरुवातीला निरंजनच मला पाण्यात बुडवायचा. पण नव्या राजधानीच्या इमारतींची कामं जोरात सुरू झाली आणि तो सकाळीच साइटवर जाऊ लागला. तेव्हा त्याचे वडील नरहरी म्हणाले, "दे इकडे. तुह्या आईचा हौद आहे, मी पाहीन."

नरहरी मूळचे वर्ध्याकडचे. सगळी नोकरी रायपूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात झालेली. बोलणं कमी. बायकोची चौकशीसुद्धा तिच्या तोंडावर कधी केली नाही, सुनेला विचारत, "तिनं गोळी घेतली का?" पण रोज सकाळी ते माझ्याजवळ येत, नळ्या तीनतीनदा विसळत, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून खोलातलं पाणी घेत आणि ओठांनी मोजत थेंब टाकत. इतक्या मायेने मला कुणी हाताळलं नव्हतं.

सरोजिनीबाई दांड्याला धरून पाण्यात चालू लागल्या. आधी कण्हत, मग गप्प, मग गुणगुणत. सून शर्मिष्ठा कौतुकाने म्हणायची, "बाबा, तुमचं पाणी एक नंबर आहे हं!" नरहरी नुसते हं म्हणत आणि मला पुसून ठेवत.

पण एक गोष्ट मला सुरुवातीपासून खटकत होती. पहिली नळी ते झटकन वाचत. दुसरी नळी मात्र डोळ्यांसमोर धरून उभेच राहत. उजेडात धरत, सावलीत धरत, चष्मा वर करत, खाली करत. दुकानदाराने त्यांना सांगून ठेवलं होतं, की इथल्या बोअरचं पाणी खाराकडे चढतच राहतं, ॲसिड लागतंच. मग शेवटी ते स्वतःशीच पुटपुटत, "चढलंच असन." आणि ॲसिडचं माप घेत.

खरं तर पाणी चढलेलं नव्हतं. मी शेंदरी दाखवत होते. मग शेंदरीचा पिवळा होऊ लागला. मी दाखवत राहिले, ते बघत राहिले आणि ॲसिड पडत राहिलं.

थोड्याच दिवसांत सरोजिनीबाईंचे डोळे चुरचुरू लागले. अंगाला खाज सुटली. स्टीलच्या दांड्यावर गंजाचे ठिपके आले. शेजारच्या बाई कुंपणावरून म्हणाल्या, "क्लोरीन ज़्यादा होगा, दीदी." नरहरींनी क्लोरीन तपासलं. ते अगदी बरोबर होतं. त्यांना काही समजेना. ते आणखी मन लावून तपासू लागले आणि तीच चूक आणखी मन लावून करू लागले.

शेवटी शर्मिष्ठाने सासूबाईंना पाण्यात उतरायला मनाई केली. पाय पुन्हा आखडला. कोपऱ्यात ठेवलेला वॉकर पुन्हा बाहेर आला. पलंगावरून उठताना त्यांचं कण्हणं मला मागच्या ओट्यापर्यंत ऐकू येई. नरहरींनाही येत असणार, कारण ते ऐकलं की ते ओट्यावर येऊन उगाच माझं झाकण उघडत आणि लावत.

एका रविवारी निरंजन टाक्यापाशी आला. गंजलेल्या दांड्यावर त्याने बोट फिरवलं, मग मला उचललं आणि स्वतः पाणी घेतलं. थेंब टाकताच माझी दुसरी नळी लिंबासारखी पिवळी झाली. शर्मिष्ठाही तिथे होती. सरोजिनीबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

"बाबा, हे काय आहे?" निरंजनचा आवाज चढला. "पाणी नुसतं आंबट झालं आहे. तुम्ही रोज तपासता ना?"

"तपासतो."

"मग हे दिसलं नाही? लहान पोट्ट्यालेही कळन, पिवळा आहे म्हणून! खरं सांगा, तपासतच नव्हते ना? अंदाज से ॲसिड डाल रहे थे?"

नरहरी मान खाली घालून उभे राहिले. मित्रांनो, मला त्या दिवशी बोलता आलं असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की हा माणूस एकही सकाळ चुकला नाही. पण माझ्याजवळ एक पिवळा रंग तेवढा होता आणि तो त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होता.

"निरंजन, पुरे," दारातून सरोजिनीबाई म्हणाल्या. "ते रोज तपासत होते. मी खिडकीतून पाहत होती. आता एक शब्द बोलू नको."

"आई, तुझ्याच डोळ्यांचं झालं ना हे? मी उद्या माणूस बोलावून टाकं रिकामं करतो. नको ते पाणी नि नको ती कटकट." असं म्हणून तो तरातरा आत गेला. शर्मिष्ठाही त्याची समजूत घालायला त्याच्यामागे गेली.

ओट्यावर दोघंच उरली. सरोजिनीबाई वॉकर टेकत टेकत आल्या आणि कशाबशा माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी मला हातात घेतलं. मी अजून पिवळीच होते.

"बसा," त्या म्हणाल्या.

नरहरी बसले.

"काहून नाही सांगितलं त्याले? त्यानं तुमाले खोटं ठरवलं आणि तुमी ऐकून घेतलं."

"काय सांगू?"

"की तुमाले लाल-हिरवं कळत नाही म्हणून."

नरहरींनी चमकून वर पाहिलं. "तुले... तुले कोणं सांगितलं?"

"सांगाले कोण पाहिजे? लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीले तुमी माह्यासाठी हिरवी साडी आणली. म्हणाले, तुले हिरवा आवडते ना, म्हणून हिरवी पाहून आणली. ती मातकट होती. तपकिरी. बाजारातून टमाटर आणाचे, निम्मे कच्चे असाचे. मी समजून गेली."

"मग बोलली काहून नाही?"

"तुमीच लपवून राहिले होते. मले वाटलं, राहू द्या. टमाटर मी आणत जाईन."

नरहरींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत न लावता हातातच धरला. मग ते खालच्या आवाजात बोलू लागले. "मले इंजिन चालवाचं होतं, सरोजिनी. लहानपणापासून. परीक्षा पास झालो. नागपूरले डॉक्टरी तपासणीत त्यायनं ठिपक्यांचं एक पुस्तक समोर ठेवलं. ठिपक्यांमधी आकडा असते म्हणे. बाकीचे पोट्टे धडाधड आकडे सांगून राहिले होते. मले नुसते ठिपकेच दिसले. सिग्नलचा लाल ज्याले कळत नाही त्याले इंजिन कोण देईन? मग पार्सल ऑफिस मिळालं. घरी सांगितलं, मलेच बसून कराची नोकरी पाहिजे होती."

"आणि ती साडी?" मग नरहरींनीच विचारलं. "तपकिरी होती तं तू नेसली कायले?"

"तुमी आणली होती म्हणून."

नरहरींनी मान दुसरीकडे वळवली. सरोजिनीबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं. "आता हे पाणी फेका आणि नवीन घ्या. थेंब तुमी टाका, मोजाले तुमी पक्के आहे. रंग मी सांगते. माह्या हौदाले कोणी हात लावाचा नाही."

त्या दिवशी नरहरींनी आणखी एक गोष्ट केली. जेवणाच्या वेळी ते स्वतःच निरंजनला म्हणाले, "मी तपासत होतो. पण मले तो रंग दिसत नाही. कधीच दिसला नाही." हे मी प्रत्यक्ष पाहिलं नाही, नंतर सरोजिनीबाईंच्या तोंडून ऐकलं. मी पाहिलं ते एवढंच, की जेवण होताच निरंजन ओट्यावर आला, वडिलांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "बाबा, सॉरी." मग किती पाण्याला किती सोडा लागेल याचा हिशोब बापलेकांनी मिळून केला. टाकं रिकामं करायचं कुणी नाव काढलं नाही.

पाणी सुधारायला दम धरावा लागतो. रोज थोडा सोडा, मग पंप चालू ठेवायचा, मग पुन्हा तपासायचं. सरोजिनीबाई खुर्ची टाकून बसत. नरहरी नळी त्यांच्यासमोर धरत. "पिवळाच आहे अजून. पण कालच्या इतका नाही." मग, "आता पिकल्या पपईवर आला." आणि एका सकाळी त्या टाळी वाजवून म्हणाल्या, "शेंदरी! मारुतीच्या अंगावर असते ना, तस्सा!"

"मारुती मले मातकटच दिसते," नरहरी म्हणाले. दोघंही इतकी हसली, की शर्मिष्ठा काय झालं म्हणून बाहेर आली.

सरोजिनीबाई पुन्हा पाण्यात उतरल्या. उन्हाळा येईपर्यंत त्या दांडा सोडून चालू लागल्या आणि मग जमिनीवर काठी घेऊन. वॉकर कुणाला तरी देऊन टाकला.

पुढे माझ्यावर वाईट दिवस आले. निरंजनने वडिलांसाठी खिशात मावेल असं एक यंत्र आणलं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवणारं. "बाबा, आता कोणाले विचारायची गरज नाही," तो म्हणाला. त्याने ते प्रेमानेच आणलं होतं. नरहरींना आनंद झाला. कितीतरी दिवस ते स्वतः आकडा वाचत, मान हलवत आणि निघून जात. मी पंपाच्या खोलीत खिडकीशी पडून राहिले. ऊन लागून माझ्या बाटल्यांतले थेंब बिघडले. नळ्यांवर पांढरे डाग पडले. सरोजिनीबाई आता उशिरा येत आणि एकट्याच पाण्यात उतरत. ओट्यावरची त्यांची खुर्ची कुणीतरी आत नेली.

मग एका सकाळी नरहरींनी मला खिडकीतून काढलं. लिंबाच्या पाण्याने माझे डाग घासले. जुने थेंब टाकून दिले आणि दुकानातून ताज्या बाटल्या आणल्या. सरोजिनीबाई बघत होत्या.

"यंत्र बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. चांगलं चालते."

"मग?"

नरहरी आत जाऊन ती खुर्ची घेऊन आले, त्यांच्यासाठी मांडली आणि म्हणाले, "ते आकडा सांगते. मले रंग ऐकाचा आहे."

सरोजिनीबाई बसल्या. त्यांनी पदर सावरला. नरहरींनी थेंब टाकले. त्या दिवशी माझ्या नळीत जो रंग उतरला त्याचं वर्णन त्यांनी इतका वेळ केलं, की पाण्यात उतरायचं राहूनच गेलं.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. माझ्या पट्ट्यांचे रंग विटू लागले आहेत. लवकरच माझ्या जागी नवी डबी आणावी लागेल आणि ती आणलीच पाहिजे. तिला उन्हात टाकू नका. वापरून झालं की नळ्या विसळा. जुने थेंब जपून ठेवू नका, ते तुम्हाला फसवतील. ॲसिड आणि क्लोरीन कधी एकत्र ठेवू नका आणि मोठ्या माणसांवाचून त्यांना हात लावू नका.

आणि तुमच्या घरात, तुमच्या वर्गात असा कुणी असेल, की जे तुम्हाला सहज दिसतं ते त्याला दिसत नाही, तर त्याला हसू नका. त्याला आळशी ठरवू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि तुम्हाला काय दिसतंय ते त्याला नीट, सावकाश सांगा.