डावा हात आत

वयाच्या रकान्यात त्याने एक्केचाळीस लिहिलं आणि फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला. टेबलामागच्या मुलीने आधी आकडा पाहिला, मग त्याच्याकडे. सगळे तिला ताई म्हणत होते. असेल एकोणीस-वीस वर्षांची.

"काका, हे मंडळ तरुणांसाठी आहे. चौदा ते पंचवीस."

"वाचलं दारावर."

मुलाला आणलंय का, तिने विचारलं. त्याने शेजारी उभ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. लेक आठ वर्षांची. ही फार लहान आणि तुम्ही फार मोठे, ताई म्हणाली. मागे रांगेतली पोरं चुळबूळ करू लागली. तो जागचा हलला नाही.

"आमची दोघांची वयं मिळवून निम्मी करा. साडेचोवीस होतात."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. ताईने मनातल्या मनात बेरीज करून पाहिली, एक्केचाळीस खोडलं आणि साडेचोवीस लिहिलं. त्या दिवसापासून पोरं त्याला त्याच नावाने हाक मारू लागली.

बायको जाऊन चार महिने झाले होते. तो धान्याच्या गोदामात पोती शिवायचा. घर तिने चालवलं होतं. आता लेकीच्या शाळेच्या कपड्यांवर डाग राहायचे, वरण कधी कच्चं, कधी करपलेलं. शाळा उघडायच्या आत पोरीला मी घेऊन जाते, असं लेकीची मावशी म्हणाली होती. म्हणताना तीच रडली होती, त्यामुळे त्याला तिच्यावर रागावताही आलं नाही. लेकीला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "इथंच." त्याने मावशीकडे महिन्याची मुदत मागितली.

सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी मंडळ भरायचं. पंक्चर काढणं, फ्यूज बदलणं, इस्त्री, साधा स्वयंपाक. शिकवणारे सगळे आपापली कामं सांभाळून फुकट शिकवायचे. एक रीत मात्र पक्की होती. ज्याच्या हातून बिघडेल, त्याने पुढच्या शनिवारी तेच सगळ्यांना शिकवायचं. कुठे चुकतं हे त्यालाच नीट कळलेलं असतं, असं ताईचं म्हणणं.

शिवणाचा शनिवार आला तेव्हा तो निवांत होता. बारा वर्षं हातात दाभण धरलेला माणूस तो. लेकीचा शाळेचा स्कर्ट चार बोटं आखूड झाला होता. खालची दुमड उसवून, कमी कापड मुडपून पुन्हा शिवायचं, इतकंच काम. पोरं सुईत दोरा ओवत होती तोवर त्याचं शिवून झालं. लेकीने स्कर्टमध्ये पाय घातले, ते खालून बाहेर आलेच नाहीत. पुढचा घेर मागच्या घेराला या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवला गेला होता. टाके मात्र एकसारखे, घट्ट.

"साडेचोवीस, यात किलो किती भरायचे?" एका पोराने विचारलं.

ताईने फळ्यावर पुढच्या शनिवारपुढे त्याचं नाव लिहिलं.

तो आठवडाभर गोदामातून आला की हातपाय धुऊन स्कर्ट घेऊन बसायचा. शिवायचा, उसवायचा. शुक्रवारपर्यंत डाव्या हाताच्या बोटाची चाळण झाली.

शनिवारी दुपारी मावशी आली. सोमवारी शाळा उघडणार होती. तिने कपाटातले लेकीचे कपडे पिशवीत भरले, तो बघत राहिला. मग म्हणाला, मला चार वाजता मंडळात पोचायचंय, माझी पाळी आहे, तुम्हीही चला. ती कुरकुरत आली. लेकीला शेजारी घेऊन, पिशवी मांडीवर ठेवून मागच्या बाकावर बसली.

वीस-पंचवीस तोंडं त्याच्याकडे बघत होती. त्याने उसवलेला स्कर्ट उचलला आणि डावा हात घेरात घातला.

"मी पोती शिवतो," तो म्हणाला. "पोत्याचं तोंड बंद करायचं असतं. याचं उघडं ठेवायचंय. हाताला हे समजवायला आठवडा गेला. डावा हात असा आत ठेवा. प्रत्येक टाक्याला सुई बोटाला लागली पाहिजे. लागली नाही, तर थांबा. ती पलीकडच्या कापडात गेलेली असते."

त्याने बोट वर करून दाखवलं. कुणी हसलं नाही. मग सगळ्यांनी आपापल्या कापडात हात घातले आणि खोलीभर हाय-हुय सुरू झालं.

त्याने शेवटची गाठ मारून स्कर्ट झटकला. घेर मोकळा सुटला. मावशी उठून आली. तिने दुमड उलटी करून पाहिली, नखाने एक टाका ओढून पाहिला. तो जरासा ढिला होता.

"पोर आजारी पडली तर, भाऊजी?"

"त्याचा वर्ग पुढच्या महिन्यात आहे."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्हाला फोन करीन."

मावशी बराच वेळ त्या दुमडीवरून अंगठा फिरवत राहिली. मग बाकावर ठेवलेली पिशवी आणायला गेली. लेकीने बाकाची कड घट्ट धरली.

मावशीने पिशवीची चेन उघडली, घडी घातलेल्या कपड्यांतून शाळेचा दुसरा स्कर्ट काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हाही आखूडच आहे," ती म्हणाली आणि बसायला खुर्ची ओढली. "सोमवारच्या आत व्हायला हवा."