केस कुणाचे?

सारजाचे केस गुडघ्याच्या खाली पोचत, आणि ते तिचे सोडून बाकी सगळ्यांचे होते.

आबासाहेबांना ते आपले वाटत. ते ऑर्केस्ट्रा पार्टीचे मालक. खोबरेल तेल आणि शिकेकाई पार्टीच्या सामानातून येई, म्हणजे केसही पार्टीचे, असा त्यांचा सरळ न्याय होता. सारजाची आई फुलाबाई पार्टीबरोबरच फिरायची. जावळ काढल्यापासून पोरीच्या डोक्याला तिनं कात्री लागू दिली नव्हती, आजही न्हाऊ घालायची तीच, म्हणून तिला ते आपले वाटत. आणि जत्रेतल्या पब्लिकला तर वाटायचंच, कारण पोस्टरवर तसं छापलेलं असे: 'केशसम्राज्ञी मिस सारजा यांचा खास अरबी बेली डान्स'. सारजाच्या वाट्याला नुसतं ओझं आणि मानदुखी.

पार्टीचं बिऱ्हाड बारामतीला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. जत्रांचा हंगाम लागला की मॅटाडोर भरायची आणि गावं घेत घेत इंदापूर तालुका पालथा घालायची. बाकीच्या पोरी सिनेमाच्या गाण्यांवर नाचत. शेवटचा नाच सारजाचा, कारण त्याच्यासाठी लोक थांबत. तो तिला जोतीराम मास्तरांनी शिकवला होता. मास्तर तरुणपणी मुंबईत सिनेमाच्या मागच्या रांगेत नाचायचे आणि गुडघा गेल्यावर परत आले होते. लोकांना वाटतं, पोट उघडं टाकलं की झाला बेली डान्स. त्या लोकांनी एकदा घरी दार लावून स्वतःचं पोट हलवून बघावं. खांदे जागचे हलू द्यायचे नाहीत आणि कमर तेवढी थरथरवायची. पोटावरून लाट वर न्यायची, तशीच खाली आणायची. आणि हे सगळं करताना तोंडावर, घरी पाहुणे आल्यावर असतं तसं हसू ठेवायचं. सारजानं वर्षभर भिंतीसमोर उभं राहून हे घोटलं, तेव्हा कुठं मास्तरांनी मान डोलावली.

आणि मग केसांनी सगळ्यावर पाणी फिरवलं. ती पाठमोरी झाली की मानेपासून गुडघ्यापर्यंत काळा पडदा. पडद्याआड कमर काय करते ते दिसणार कुणाला? पोरं शिट्ट्या मारत त्या केसांच्या झटक्याला.

"वर्षभर कंबर मोडून शिकले मी," सारजा चिडून म्हणायची, "आन् टाळ्या तेलाला!"

मास्तरांचंही तेच म्हणणं होतं. ओढणी घेऊन संथ चालीत यायचं तेव्हा केस मोकळे असावेत, शोभतात. पण ढोल सुरू झाला की ते वर गेले पाहिजेत, नाहीतर नाच झाकतो. मास्तर हे आबासाहेबांना दोनदा बोलले आणि दोनदा गप्प बसले, कारण गुडघा गेलेल्या माणसाला दुसरी पार्टी कुठून मिळणार?

सणसरच्या जत्रेत तर नको तेच झालं. शेवटच्या गिरकीला सारजाचे केस शेजारी साथीला नाचणाऱ्या प्रतीक्षाच्या कमरपट्ट्यात अडकले. पितळी चकत्यांचा पट्टा, त्याला बारीक आकडे. प्रतीक्षा डावीकडे वळली, सारजा उजवीकडे, आणि झटक्यासरशी कानामागची बट मुळापासून उपटून आली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मानेवरून ओल उतरत गेली तरी सारजा हसत हसत नाच पुरा करून आत आली. आबासाहेबांनी तिच्या मानेवरचं रक्त बघितलं आणि म्हणाले, "बट कुठं पडली? उचला ती. उद्या पोरं मिरवतील गावभर."

दुखलं त्याहून जास्त हे वाक्य तिला लागलं.

बारामतीला परतल्यावर फुलाबाईनं जखमेला हळद लावली. सारजानं पाठमोरी बसूनच विषय काढला.

"आये, कापू का गं हे? खांद्यापतूर तरी?"

फुलाबाईचा हात थांबला. "नवरा न्हाय अजून, आन् केसं कापती? लोकं काय म्हणतील?"

"पोट उघडं टाकून नाचती, तवा काय म्हणत्यात त्येच म्हणतील."

"तुझ्या डोक्यात दोन भवरं हायत, सारजे." फुलाबाईनं आवाज उतरवला, खोलीत दुसरं कुणी नसतानाही. "दोन भवऱ्याच्या पोरीची दोन लग्नं व्हत्यात. मग कोन करंल तुला? म्हणून तर एवढी वाढिवली. झाकून ऱ्हायलं म्हंजी झालं."

सारजाला हसावं का रडावं कळेना. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आई केसांवर जीव टाकते. ती तर भोवऱ्यांवर झाकण घालत होती. तिला राग आला, आणि रागाखाली आईची दयाही आली. ती एवढंच म्हणाली, "एक हुईना झालंय, आन् तुला दोनाचा घोर."

पण कापायचा विषय तिथंच राहिला. आईच्या मनाविरुद्ध कात्री लावायचं सारजाच्या जिवावर आलं. तिनं मधला रस्ता काढला. बावड्याच्या यात्रेत ती केसांचा घट्ट अंबाडा घालणार होती, वर जाळी आणि भरपूर पिना. केस शाबूत, कमर मोकळी. आईची हरकत नाही, मास्तर खूश. राहिले आबासाहेब.

बावड्याला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. स्टेजमागं कनात बांधून पोरींसाठी आडोसा केला होता. आत पत्र्याची ट्रंक, आरसा, पावडरचे डबे आणि सगळ्यांचे कपडे. फुलाबाई ट्रंकेवर बसून ओढणीला टाका घालत होती. त्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली मेंढरं कातरायची कातर होती. सारजाचा बाप गेणू निरवांगीचा. कालव्याचं पाणी आलं तशी त्यानं मेंढरं विकली आणि शेती धरली, पण कातर ठेवली. मायलेकी पार्टीबरोबर निघाल्या त्या दिवशी त्यानं ती फुलाबाईच्या हातात दिली होती. "परक्या गावाला दोघी बायका जाताय. कुनी अंगावर आलं तर असू दे." भावकी नाचणाऱ्या पोरीचं तोंड बघत नव्हती तेव्हा हा माणूस एवढंच बोलला होता. फुलाबाईनं मात्र ती कधी उघडली नव्हती. लोकर पिंजावी, सूत काढावं बायकांनी. कातर धरावी पुरुषांनी, हा त्यांच्या घरातला रिवाज होता, आणि रिवाज मोडणाऱ्यांतली ती नव्हती.

सारजा आरशापुढं शेवटची पिन खोचत होती तेवढ्यात आबासाहेब कनात बाजूला सारून आत आले.

"हे काय?"

"अंबाडा," सारजा म्हणाली.

"डोळं हायत मला. सोड."

"न्हाय सोडायची, मालक. सणसरला बघितलंसा न्हवं? ढोलाला केसं वरच पायजेत. मास्तरास्नी इचारा."

मास्तर कोपऱ्यात घुंगरू मोजत असल्यासारखे खाली बघत राहिले.

"मास्तरला काय इचारायचं? पोस्टरवर काय लिव्हलंय? तुझी कंबर बघाय येत न्हाईत लोकं. असल्या कंबरा धा मिळतील मला."

"मग त्या धा आणा," सारजा म्हणाली. तिनं शेवटची पिन खोचली. "माझं डोस्कं हाय. त्याच्यावर काय ठिवायचं ते मी बघीन."

पुढचं इतक्या झटक्यात झालं की कुणाला हलायला सवड मिळाली नाही. आबासाहेबांनी तिचा अंबाडा मुठीत धरला आणि ओढला. पिना उडाल्या. केस सुटले तसे त्यांनी मनगटाभोवती एक वेढा घेतला, दुसरा घेतला, आणि तिचं तोंड आपल्याकडं वळवलं. सगळ्या पोरींच्या देखत. जखमेची खपली निघाली.

"माझ्या तेलावर वाढल्यात ही," ते म्हणाले. "कळलं? माझी हायत."

सारजाला वेदनेपेक्षा लाज वाटली आणि लाजेपेक्षा संताप आला. पण झिंज्या धरलेलं माणूस मानही हलवू शकत नाही.

"सोडा तिला."

फुलाबाई उठून उभी राहिली होती. पार्टीत आल्यापासून तिनं मालकापुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की वर मान केली नव्हती. आता पदर खांद्यावर होता. आबासाहेबांनी मूठ सोडली, थोडी तिच्या आवाजामुळं आणि थोडी इतकी माणसं बघतायत म्हणून. फुलाबाईनं ट्रंक उघडली, कपडे भराभरा बाहेर टाकले आणि फडक्यातून कातर काढली. लांब पात्यांची, काळी पडलेली, धार मात्र जशीच्या तशी. प्रतीक्षा ओरडली. आबासाहेब दोन पावलं मागं सरले ते कनातीला जाऊन टेकले.

फुलाबाईनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती लेकीपुढं आली.

"सारजे, तुझी तू सांग. कापू?"

"आये, भवरं दिसतील."

"दिसू देत."

सारजानं डोळे मिटले. "काप."

फुलाबाई खाली बसली. मेंढराला धरतात तशी तिनं लेकीची मान दोन गुडघ्यांत धरली. तिनं आयुष्यात कधी कातर चालवली नव्हती, पण मेंढरं होती तोवर नवऱ्याला कातरताना कित्येक वर्षं बघितलं होतं. मानेकडून वर, कातडी ताणून धरत, खप खप खप. केस मांडीवर, जमिनीवर, पावडरीच्या डब्यावर पडत गेले. सारजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गेलेल्या केसांसाठीही होतं ते. इतकी वर्षं अंगावर वागवलेली वस्तू, तिचं वाईट वाटणारच. पण डोकं हलकं होत चाललं तसा तिला कानांमागं वारा लागला, आणि हा वारा आपल्याला ठाऊकच नव्हता याचं तिला नवल वाटलं.

काम झाल्यावर फुलाबाईनं केस गोळा केले, त्यांना पीळ दिला आणि ती आबासाहेबांपुढं गेली.

"घ्या मालक. तुमच्या तेलावर वाढल्यात. आता नाचवा ह्यास्नी."

आबासाहेबांनी हात पुढं केला नाही, म्हणून तिनं ते त्यांच्या खांद्यावर टाकले. बाहेर माईकवरून घोषणा चालली होती: केशसम्राज्ञी मिस सारजा! सारजानं डोळे पुसले, काजळ नीट केलं, कमरपट्टा आवळला. मास्तर उठले आणि पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, "ढोलवाल्याला सांगा, संथ चाल नको. एकदम ढोलानंच धर."

ती स्टेजवर आली तेव्हा यात्रेतला कालवा एकदम थांबला. मग कुणीतरी ओरडलं, "आरं, कातरलेलं मेंढरू सोडलं काय?" आणि हशाची लाट उठली.  आपण धनगराची पोर आहोत हे सारजाला तेव्हा फार आठवलं. कातरलेलं मेंढरू वाघुरातून, जाळीच्या कोंडवाड्यातून, सुटलं की कसं उड्या मारत पळतं ते तिनं लहानपणी बघितलं होतं. ओरडणाऱ्यानं बहुतेक बघितलं नसावं. ढोल वाजला. ती वळली, लोकांकडं पाठ केली आणि हात वर नेले.

आता मध्ये काही नव्हतं. मान, पाठ, आणि पाठीखाली एकटी थरथरणारी कमर. चकत्या ढोलाच्या मात्रेवर वाजत होत्या, एकही पुढं नाही, एकही मागं नाही. ती समोर वळली आणि पोटावरून लाट वर नेली, सावकाश, कुणाचा बाप आला तरी घाई न करता. शिट्ट्या कमी होत गेल्या. मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बायका बसल्या होत्या, नाच सुरू झाला की तोंड फिरवून बसायचा त्यांचा शिरस्ता. त्यातली एक म्हातारी ट्रॉलीत उभी राहिली आणि ओरडली, "गं बाई गं! कंबर हाय का काय हाय!" मग सगळ्याच बायकांनी टाळ्या धरल्या. काही पोरं उठून गेली, पैसे परत द्या म्हणत. गेली ती गेली. बाकीच्यांनी नाच परत करायला लावला.

ती कनातीत आली तेव्हा घामानं निथळत होती. फुलाबाईनं पदरानं तिचं डोकं पुसलं, आणि पुसता पुसता तिचा हात दोन्ही भोवऱ्यांवर थांबला. तिनं ते झाकले नाहीत.

आबासाहेब बाहेरून आले. खांद्यावरचे केस त्यांनी कुठंतरी ठेवले असावेत. बाहेरच्या टाळ्या त्यांनी ऐकल्या होत्या, यात्रा कमिटीच्या माणसानं त्यांना पुढच्या वर्षाचं निमंत्रणही देऊन टाकलं होतं. तोंडावर सगळं विसरल्यासारखं हसू होतं.

"सारजे, झक्कास! आता असंच ठिवायचं बरं का. नवं पोस्टर काढतो. दर पंधरा दिवसाला न्हावी बोलवू, पार्टीच्या खर्चानं. वाढू म्हून द्यायची न्हाईत."

 सारजानं कमरपट्ट्याचे आकडे एकेक करून सोडले, पट्टा ट्रंकेवर ठेवला आणि त्यांच्याकडं वळली.

"आता वाढिवणार हाय मी, मालक," ती म्हणाली. "आन् तेल माझं मी आणीन."