एकही कणीस

ताराने फोन हातात धरून सोप्यावर फेऱ्या मारल्या आणि कोपऱ्यातल्या खांबापाशी ती थांबली. तिथे रेंज येत होती. तिने खुर्ची तिकडे ओढली आणि बाबांना इथेच बसवू या, आतल्या काळोखात नको, असे त्यांच्या सुनेला, शेवंतीला, सांगितले.

शेवंतीने आधी रस्त्याकडे पाहिले. मोरजीचा रस्ता कुंपणाला खेटून जात होता, आणि भाड्याच्या स्कूटरी सारख्या धावत होत्या. खांबापाशी बसलेला माणूस रस्त्यावरून सरळ दिसे. तरी सासऱ्याच्या दंडाला धरून तिने त्याला बाहेर आणले, खुर्चीत बसवले आणि चहा टाकायला आत गेली.

तारा डिचोली तालुक्यातल्या मुळगावची, इथे म्हाताऱ्याची मुलाखत घ्यायला आलेली. कायद्याचा इतिहास हा तिचा विषय. गोवामुक्तीनंतर कूळकायदा आला तेव्हाच्या खटल्यांची दप्तरे ती धुंडाळी, पानांचे फोटो काढी आणि संगणकाकडून ती वाचून घेई. मग संगणक शेकडो जबान्या एकमेकींशी ताडून पाही आणि जिथे मजकूर सारखा, तिथे केशरी रंग चढवी. या वाड्यावरच्या जबान्या तिने घातल्या तेव्हा सगळा पडदाच केशरी झाला. आपण एकच पान पुन्हा पुन्हा घातले की काय, म्हणून तिने कपाळाला हात लावला. पण पाने वेगळी होती. नावे वेगळी, अंगठ्यांचे ठसे वेगळे, शब्द मात्र तेच. मी भाटकाराचा मजूर. शेत रोजावर केले, खंड कधी दिला नाही. त्या शेतातले एकही कणीस माझे नव्हे.

ते अंगठे उमटवणाऱ्यांपैकी आता शेवंतीचा सासरा धाकू तेवढा हयात होता.

शेवंतीला इतिहासाचे काही पडलेले नव्हते. तिला डोक्यावरचे छप्पर राखायचे होते. जुन्या भाटकाराचा, म्हणजे जमीनमालकाचा, नातू गोकुळदास जमीन हॉटेलवाल्यांना विकायला निघाला होता. घराखालची जागा मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहिलेले कुटुंब, म्हणून आपल्याला मिळावी असा शेवंतीचा दावा कोर्टात पडून होता. धाकू पिकातला वाटा खंड म्हणून देणारे कूळ नव्हे, नुसता मजूर होता, मजूर म्हणूनच त्याला इथे राहू दिले, असे गोकुळदासाचे उत्तर, आणि पुराव्याला तीच जुनी जबानी. ती भाटकाराने पढवलेली होती असे म्हातारा स्वतः बोलला, तरच काही आशा आहे, असे वकिलाने शेवंतीला बजावले होते. पण हा विषय निघाला की धाकू उठून गोठ्याकडे जाई. गोठ्यात कित्येक वर्षे गुरे नव्हती.

गोकुळदासाविषयी वाईट बोलणेही कठीणच. तारा जुने नकाशे पाहायला त्याच्याकडे गेली, तेव्हा त्याने तिला चहा पाजला, असले काम व्हायलाच हवे म्हणाला आणि तिच्या संस्थेच्या ऑनलाइन संग्रहाचा पत्ता मागून घेतला. तिने तो आनंदाने दिला. त्या संग्रहात मुलाखतीचे रेकॉर्डिंग थांबवले की ते आपोआप जमा होई. मग ते कोणालाही ऐकता येई आणि कोणालाही पुसता येत नसे. जुन्या दप्तरांतली फाडलेली पाने पाहून तारा इतकी चिडली होती, की हा नियम तिने स्वतः भांडून करून घेतला होता.

चहा आला. बशीत ओतून पिता पिता धाकू खुलला. खाडीतल्या कुर्ल्या, मिठागरे, पूर्वीचे भात, असे काहीबाही तो सांगत राहिला. ताराने सहज विचारावे तसे विचारले, की मग भाटकाराला त्यातले काही द्यावे लागायचे का.

“खंड दिलो ना कसो? माथ्यार घेवन व्हरतालों,” धाकू म्हणाला. “भाटकार आंगणात रावून मापून घेतालो.”

चुलीपाशी गेलेली शेवंती दारात येऊन उभी राहिली. खंड डोक्यावरून वाहून नेल्याचे हे बोल आपल्या घरात तिने कधी ऐकले नव्हते. तिचे डोळे भरून आले आणि रस्त्यावरून गोकुळदासाच्या माणसाने ऐकले तर, म्हणून त्याच क्षणी तिला धडकीही भरली.

ताराला तर हर्षच झाला. थांबा, थांबा, एवढे रेकॉर्ड करून घेते, म्हणत तिने फोन स्टुलावर ठेवला. लाल ठिपका लागला. प्रत्येक मुलाखतीच्या आरंभी विचारायचे ते तिने विचारले. त्यावाचून संगणकाला नोंद लावता येत नसे.

“नाव सांगा. वय. राहणार कुठले?”

धाकूने बशी खाली ठेवली. खुर्चीच्या हातांवर भार देऊन तो उठू लागला. शेवंती पुढे झाली, पण त्याने तिचा हात बाजूला केला. उभे राहून त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“माझे नाव धाकू भिकाजी परब. धंदा मजुरी. मी भाटकाराचा मजूर. शेत रोजावर केले, खंड कधी दिला नाही. त्या शेतातले एकही कणीस माझे नव्हे. हे मी कोणाच्या भीतीने सांगत नाही.”

असली कागदी मराठी शेवंतीने त्याच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. ताराला त्या जबानीचा शब्द न् शब्द पाठ होता.

“बाबा, मघाशी खंडाचे सांगत होता ना?” तिने घाईने विचारले.

“खंड कधी दिला नाही,” धाकू म्हणाला. आवाज त्याने चढवला होता, मागे बसलेल्या कोणाला तरी ऐकू जावा तसा.

मागे भिंत होती.

ताराने घाबरून फोन उचलला आणि रेकॉर्डिंग थांबवले. थांबवल्यावर काय होते ते तिला लगेच आठवले. ते जमा होऊ नये म्हणून फोन घेऊन ती अंगणात धावली, तुळशीच्या पलीकडे, माडांच्या खाली, जिथे मघाशी तिला रेंज मिळाली नव्हती. फोन तिच्या मुठीत थरथरला. ‘जमा झाले’, पडद्यावर लिहिले होते.

ती परत आली तेव्हा शेवंती पायरीवर उभी होती.

“बाय, ता पुसून उडय.”

ताराने नकारार्थी मान हलवली. शेवंतीने तिच्या हातातल्या फोनकडे पाहिले, मग रस्त्याकडे.

“हो आवाज आता खंय गेलो?”

रस्त्यावरून एक मोटार आली, वळणावर मंद झाली आणि पुढे निघून गेली. दोघी तिचा आवाज विरेपर्यंत तशाच उभ्या होत्या.

धाकू अजून बसला नव्हता. टोपी काखेत धरून, डावा अंगठा त्याने ताराच्या दिशेने पुढे केला होता. त्याला कोणी शाई लावत नाही, म्हणून तो घाबरून एकदा तिच्याकडे आणि एकदा शेवंतीकडे पाहत होता.