अर्धशेपटीला रक्त कुणाचं?

मित्रांनो, माझ्याकडे पाहायला गेलात, तर तुम्हाला माझ्याखालचं टेबलच दिसेल. मी आहे जनावरांच्या दवाखान्यातली एक जुनी काचेची पट्टी. बोटाएवढी लांब, एक कोपरा उडालेला. माझ्या बहिणी एकदा वापरल्या की कचऱ्यात जातात. मला मात्र डॉक्टरीणबाई धुऊनपुसून पुन्हा ठेवतात, कारण शिकत असताना त्यांनी पहिला थेंब माझ्यावर ठेवला होता.

कारखान्यात मला कापलं, तेव्हा वाटलं होतं की कुठल्यातरी खिडकीत बसेन, रस्ता बघेन. नशिबी आलं रक्त! पण खोटं कशाला बोलू, मला त्याचा नादच लागला. कुत्र्याचं, मांजराचं, घोड्याचं, सगळ्यांचं रक्त लालच, तरी प्रत्येकात निरनिराळे गट. दोघांचे थेंब मिसळले की कधी गुण्यागोविंदाने नांदतात, कधी कालवलेल्या पिठासारख्या गुठळ्या होतात. असं का होत असेल, याचं कुतूहल मला आजही आहे.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या काकू टोपली घेऊन धापा टाकत आल्या. टोपलीत एक पांढरी मांजर आणि तिची तांबूस लेक. लेकीचं शेपूट अर्धंच, म्हणून नावही अर्धशेपटी. पिसवांनी तिचं रक्त पार शोषून घेतलं होतं. हिरड्या पांढऱ्याफटक, मान टाकलेली. लगेच रक्त मिळालं नसतं, तर ती संध्याकाळ बघणार नव्हती.

काकूंनी आईला मुद्दामच आणलं होतं. "हिचं घ्या," त्या म्हणाल्या. "लेकराला आईचं नाही चालणार, तर कुणाचं चालणार?"

बाईंनाही घाई झाली होती. त्यांनी आईच्या मानेवरचे केस काढायला घेतलेसुद्धा. मी ट्रेमध्ये पडून मनातल्या मनात ओरडत होते, अहो, आधी मला विचारा! पण काचेचं कोण ऐकतं? ती फुटली तरच लोक वळून बघतात.

तेवढ्यात बाईंचं लक्ष त्या शेपटाकडे गेलं. हे कशात अडकून तुटलं, असं त्यांनी विचारलं. तुटलं कुठे, काकू म्हणाल्या, जन्मली तेव्हा चांगलं अख्खं होतं. आठवडाभरात टोक काळं पडलं आणि गळून गेलं. हिची भावंडं तर आईचं दूध पिऊन दुसऱ्याच दिवशी गेली बिचारी.

बाईंचा हात थांबला. त्यांनी मला उचललं. आईचं थोडं रक्त काढून, ते निवळल्यावर वर आलेलं पिवळसर पाणी आणि लेकीच्या रक्ताचा थेंब माझ्यावर एकत्र केला, मला हळूच इकडे-तिकडे कलवलं. बघता बघता गुठळ्या!

मग बाईंनी काकूंना नीट समजावलं. आईचा गट एक, लेकीने उचललाय बापाचा. आईच्या रक्तात त्या गटाचा वैरी असतो. जन्मल्यावर तो दुधातून थोडासा पोटात गेला, तेव्हा शेपटावर निभावलं. आता नळीतून थेट अंगात गेला असता, तर जीवच गेला असता.

काकूंनी अर्धशेपटीची मान तळहातावर घेतली. मीच मारलं असतं की हो तिला, एवढंच पुटपुटल्या.

बाप कोण, बाईंनी विचारलं. काकूंनी नाक मुरडलं. गल्लीतला तो तांबडा बोका, दुसरा कोण! दूध पळवणारा मेला. रोज त्या त्याच्यामागे झाडू घेऊन धावायच्या, आज उशीचा अभ्रा घेऊन धावल्या. परत आल्या तेव्हा हातभर ओरखडे होते, आणि अभ्रा गुरगुरत होता.

मला धुऊनपुसून बाईंनी लेकीच्या थेंबाशेजारी बोक्याचा थेंब ठेवला. बाई वाकल्या, काकू वाकल्या. थेंब थेंबात मिसळला, सारखा, मऊ, एकही गुठळी नाही. मला इतका आनंद झाला, की काच नसते तर नाचलेच असते. मग बोक्याला गुंगीचं औषध देऊन रक्त घेतलं आणि अर्धशेपटीला सावकाश चढवलं. दिवे लागायच्या सुमारास तिच्या हिरड्यांवर गुलाबी रंग आला. तिने मान उचलली आणि आधी आपलं अर्धं शेपूट चाटलं.

काकू शेजारी पेंगणाऱ्या बोक्यापाशी गेल्या. त्याच्या भादरलेल्या मानेवरून हात फिरवत म्हणाल्या, "उद्यापासून वाटी दारातच ठेवीन. चोरून पिऊ नकोस, मेल्या."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. प्रेमाने काही द्यायला निघालात, तरी आधी एक थेंब तपासून घ्या. आणि दारात एखादा चोरटा बोका आला, तर झाडू जरा बेताने उगारा. तो कुणाच्या उपयोगी पडेल, हे वरून दिसत नाही. ते बघायला माझ्यासारखी उडालेल्या कोपऱ्याची काच लागते.