मराठीत समजावलं होतं

श्रीनाथ आपल्या घरी किती वेळा जेवला याचा हिशेब शकुनं कधी ठेवला नव्हता, आणि ठेवला असता तर तिनंच स्वतःला कोत्या मनाची म्हटलं असतं. पुण्याहून ऑकलंडला शिकायला आलेला पोरगा, दिवसा कॉलेज करायचा आणि संध्याकाळी डेअरीत काउंटरवर उभा राहायचा. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं दुकान, दुधाशी संबंध नावापुरता. रविवारी मात्र न्यू लिनला शकु आणि धैर्यशीलकडे त्याचं पान ठरलेलं. भातावर तूप वाढताना ‘पुरे’ असं तो कधी म्हणाला नाही. पुढे शिकला, बँकेत लागला, लग्न करून स्वानंदीला घेऊन आला आणि बघता बघता बँकेचा मोबाइल मॉर्गेज मॅनेजर झाला, म्हणजे घरोघरी जाऊन गृहकर्जाचे कागद करून देणारा माणूस. असा आपला माणूस बँकेत असताना घराचं कर्ज दुसऱ्याकडून घेतलं असतं तर लोकांनी काय म्हटलं असतं?

ते कागद दोन हजार पंधराच्या दिवाळीत झाले, शकुच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, फराळाच्या ताटाशेजारी. कर्जाच्या कागदांबरोबर विम्याचेही होते. नोकरी गेली, दुखणं आलं तर घराचे हप्ते विमा भरेल, असा तो विमा. ऐकायला छान. पण धैर्यशील पक्क्या नोकरीत नव्हता. आयटीत होता खरा, पण स्वतःची एक छोटी कंपनी काढून काँट्रॅक्टवर कामं घ्यायचा. शकुच्या मनात शंका आली आणि तिनं ती विचारलीसुद्धा, की याचं काम काँट्रॅक्टचं, मग हा विमा याला लागू होईल ना? श्रीनाथनं काळजी नको म्हणून सांगितलं. मग धैर्यशीलनं विचारलं, हे पैसे शेवटी बोनससकट परत येतात ना, आपल्या एलआयसीसारखे? आपल्याकडे विमा म्हणजे एलआयसी, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. श्रीनाथ म्हणाला, तसंच समजा.

तरी शकुनं कागद उचलले आणि वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर गेली असेल नसेल, धैर्यशीलनं डोळे वटारले. ते डोळे काय म्हणत होते ते मराठी बाईला सांगावं लागत नाही. आपला माणूस समोर बसलाय, आपल्या घरचं खातोय, आणि तू त्याचे कागद पोलिसासारखे तपासतेस? शकुला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं कागद खाली ठेवले आणि दाखवली तिथे सही केली. भीड भिकेची बहीण, असं तिची आई उठताबसता सांगायची. शकुनं ते आयुष्यभर ऐकलं आणि ऐन वेळी विसरली.

सव्वातीन वर्षांनी, दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, धैर्यशीलचं काँट्रॅक्ट गेलं. कंपनीनं अख्खा प्रोजेक्टच गुंडाळला आणि काँट्रॅक्टवरची माणसं एका दुपारी घरी पाठवली. शकु बालवाडीत शिकवायची. तिच्या पगारात किराणा आणि विजेचं बिल भागायचं, घराचा हप्ता नाही. पण विमा होता ना! दोघांनी अगदी निश्चिंत मनानं अर्ज केला. उत्तर आलं, की स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला नोकरी गेल्याची भरपाई या विम्यात मिळत नाही. आता नाही, तेव्हाही नाही, कधीच मिळणार नव्हती.

शकु ते उत्तर वाचून चुलीवरच्या दुधासारखी उतू गेली. कधीच मिळणार नव्हती, आणि दर महिन्याला पैसे मात्र कापून घेत होते! हप्ते थकले तसं बँकेनं कळवलं, की वर्षाअखेरपर्यंत थकबाकी निघाली नाही तर घर विकायला काढावं लागेल. हे घर. मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडासकट, ईशाच्या खोलीतल्या निळ्या भिंतीसकट. ईशा दहा वर्षांची, मराठी सगळं समजायचं, बोलायची इंग्रजीत. तिनं इंग्रजीत एवढंच विचारलं, की शाळा बदलावी लागेल का. शकु नाही म्हणाली. म्हणाली आणि मग तिला ते खरं करावंच लागलं.

धैर्यशीलचं म्हणणं, जाऊ दे, सही आपण केली, चूक आपली. तो दिवसभर नोकऱ्यांचे अर्ज करायचा आणि संध्याकाळी गप्प बसायचा. शकुनं त्याला सांगितलं, सही केली हे खरं, पण मी विचारलं होतं हेही तितकंच खरं. तुझे डोळे वटारलेले मला आठवतात, तसा माझा प्रश्नही मला आठवतो. तो पुन्हा नोकऱ्यांच्या अर्जांकडे वळला.

तिनं बँकेकडे तक्रार केली. हा विमा आम्हाला विकायलाच नको होता, तेव्हा घेतलेले सगळे पैसे व्याजासकट परत करा. बँकेचं उत्तर मोठं गोड होतं. आमच्या प्रतिनिधीनं विम्याच्या सगळ्या अटी, काँट्रॅक्टच्या कामाची अटसुद्धा, ग्राहकाला त्यांच्या मातृभाषेत, मराठीत, समजावल्या होत्या. सबब गैरसमजाला जागाच नाही. सोबत श्रीनाथचा जबाब.

घ्या. ज्या मराठीनं गळा कापला तीच आता साक्षीला!

शकुनं त्याच क्षणी फोन लावला. आधी तो उचलेचना. तिसऱ्यांदा उचलला आणि वहिनी, वहिनी करत राहिला. जबाब बँकेच्या माणसांनी लिहून आणला होता, त्यानं नुसती सही केली होती. शकुनं विचारलं, वाचून केलीस की न वाचता? मग तो हळूच म्हणाला, की त्याच्याही घरावर कर्ज आहे, स्वानंदीला सातवा महिना आहे. शकुनं फोन ठेवला. तिला त्याची कीवही आली आणि संतापही आला, आणि दोन्हीपैकी एकही कमी होईना.

पुढे गोष्ट मंडळात गेलीच. ऑकलंडातल्या आपल्या मराठी मंडळात कुणाच्या घरी कुकर किती शिट्ट्या करतो तेही सगळ्यांना माहीत असतं. मंडळाचे अध्यक्ष हरीश मोठे समजूतदार गृहस्थ, दोन्ही बाजूंना मान डोलावणारे. ते येऊन सांगून गेले, की आपलेच दात आणि आपलेच ओठ, पोराची नोकरी जाईल, घरातलं चव्हाट्यावर कशाला आणायचं. शकुनं त्यांना चहा दिला आणि विचारलं, माझं घर गेलं तर मंडळ वर्गणी काढणार आहे का? हरीशनी चहा संपवला आणि हवामानाबद्दल बोलून निघून गेले. स्वानंदीनं देवळात तोंड फिरवलं ते मात्र शकुला लागलं. डोहाळजेवणाला आपण ओटी भरणार असं तिनं कधीचं ठरवून ठेवलं होतं.

पण ती मागे हटली नाही. बँकेनं दाद दिली नाही तर पुढे ओम्बड्समनकडे जाता येतं, बँका आणि ग्राहक यांच्यातल्या तक्रारी फुकट बघणारी माणसं ती. तिथल्या अरोहा नावाच्या बाईंनी फोन केला, ‘किआ ओरा’ असा माओरीत नमस्कार केला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला जो सगळेच विचारत होते. सही करण्याआधी वाचलं का नाही?

भीड या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते शकुनं खूप शोधलं. सापडेना. शेवटी ती म्हणाली, तो माणूस माझ्या घरी जेवत होता. अरोहा म्हणाल्या, की त्यांच्या आजीनंही वाचलं नसतं.

त्या शब्दानं शकुला धीर आला आणि मनात घोळत होतं ते तिनं बोलून टाकलं. बँक म्हणते ना, मराठीत समजावलं? मग त्यानं ते पुन्हा समजावून दाखवावं. माझ्यासमोर, मराठीत, जसंच्या तसं. आणि ऐकायला मराठी जाणणारं तिसरं माणूस असावं, माझंही नाही आणि बँकेचंही नाही.

बँक आनंदानं तयार झाली. त्यांना वाटलं, आपलं नाणं खणखणीत आहे.

जुलैत, धो धो पाऊस पडत असलेल्या एका सकाळी, सगळे एका खोलीत बसले. अरोहा वेलिंग्टनहून आल्या होत्या. बँकेची एक टापटीप बाई होती. शकु आणि धैर्यशील एका बाजूला, श्रीनाथ समोर, टाय लावलेला आणि घामेजलेला. टेबलाच्या मधोमध फोन, आणि फोनवर दुभाषी म्हणून लीलाताई, दूर क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत बसलेल्या. आवाजावरून साठीच्या पुढच्या वाटत होत्या. त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितलं, की जे बोललं जाईल तेवढंच त्या इंग्रजीत सांगतील, पदरचं काही घालणार नाहीत.

श्रीनाथनं सुरुवात इंग्रजीत केली. पाठ केलेलं होतं, धडाधड बोलला. अरोहांनी हात वर केला आणि मराठीत सांगायला सांगितलं, त्या दिवाळीला सांगितलं होतं तसं.

आता मराठी आली आणि त्याची गाडी अडली. अटीचं ते इंग्रजी वाक्य मराठीत आणायला त्यानं तोंड उघडलं, पण शब्दच नव्हते. कुठून असणार, ते तो मराठीत कधी बोललाच नव्हता. त्यानं शकुकडे बघितलं. शकुनं नजर हलवली नाही. आज तिची भीड घरी राहिली होती.

“श्रीनाथ,” ती म्हणाली, “मी तुला विचारलं होतं, की याचं काम काँट्रॅक्टचं, हा विमा लागू होईल ना. तू काय म्हणालास तेवढंच सांग.”

फोनमधून लीलाताईंनी तिच्या प्रश्नाचं इंग्रजी केलं. श्रीनाथनं टायची गाठ सैल केली. खोटं बोलायला त्याला इंग्रजी चाललं असतं. मराठीत, वहिनीसमोर, आणि फोनवर आईच्या वयाची एक बाई ऐकत असताना, त्याची जीभ रेटेना.

“मी म्हणालो,” तो म्हणाला, “वहिनी, तुम्ही कशाला काळजी करता, मी आहे ना.”

लीलाताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. बँकेच्या बाईनं पुढे वाकून विचारलं, की ठीक आहे, पण त्यानंतर अट समजावली असेल. लीलाताईंनी तो प्रश्न मराठीत केला. त्यानंतर काय सांगितलंत?

“त्यानंतर,” श्रीनाथ म्हणाला, “आम्ही चकली खाल्ली.”

फोनवर लीलाताई जराशा अडखळल्या. चकलीला इंग्रजीत काय म्हणावं याचा बाई विचार करत असाव्यात. मग अगदी सरळ आवाजात त्यांनी सांगितलं, की त्यानंतर यांनी दिवाळीचा खाऊ खाल्ला. बँकेच्या बाईनं पेन खाली ठेवलं. धैर्यशीलनं टेबलाखाली शकुचा हात धरला, इतक्या जोरात की तिला अंगठी रुतली.

बाहेर पार्किंगमध्ये श्रीनाथ छत्री न उघडता उभा होता. तो म्हणाला, “वहिनी, यांचं काँट्रॅक्ट कधी जाईल असं मला वाटलंच नव्हतं.”

“आम्हालाही वाटलं नव्हतं,” शकु म्हणाली. “म्हणून तर विमा घेतला.”

त्याला त्यातून सोडवायला ती थांबली नाही. गाडीत बसल्यावर मात्र ती ढसाढसा रडली.

ऑगस्टमध्ये निकाल आला. विम्यापोटी घेतलेला पैसा व्याजासकट परत, आणि थकलेल्या हप्त्यांवरचा सगळा दंड माफ. परत आलेल्या पैशात थकबाकी निघाली. सप्टेंबरात धैर्यशीलला नोकरी लागली, या खेपेला पक्की. घर राहिलं. श्रीनाथला बँकेनं काढलं नाही, कारण मग चार लोकांनी कारण विचारलं असतं. त्याला घरोघरी पाठवणं बंद केलं आणि शाखेतल्या एका कोपऱ्यात बसवलं. शकुला त्याचा आनंद झाला नाही, आणि वाईटही फारसं वाटलं नाही. ओटी भरायची राहिली. बाळ झालं तेव्हा तिनं दुपटं शिवून टपालानं पाठवलं. त्यावर स्वानंदीचा फोन आला. दोघी इकडचं तिकडचं बोलल्या, त्या विषयावर नाही.

मंडळाला नवा खजिनदार हवा होता. हरीश सगळ्यांदेखत म्हणाले, शकुला करा, ती बाई कागद वाचते. जणू काही ते पहिल्यापासून तिच्याच बाजूचे!

दिवाळीत बेल वाजली. दारात श्रीनाथ, मागे बाळाला घेऊन स्वानंदी. पुढच्या गणपतीसाठी हॉल घ्यायचा होता, त्या कराराचे कागद हरीशनी त्याच्या हाती पाठवले होते, खजिनदाराच्या सहीसाठी. शकुनं त्यांना आत घेतलं, बाळाला मांडीवर घेतलं, कौतुक केलं. मग बाळ धैर्यशीलकडे दिलं आणि त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीत बसून कागद पुढे ओढले. फराळाचे डबे ओट्यावर होते, झाकण लावलेले.

धैर्यशीलनं सवयीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच खाली बघून बाळाचं टोपडं नीट करायला लागला. श्रीनाथ समोर हात जुळवून बसला होता. तिनं पहिलं पान संपवून दुसरं उलटलं तेव्हा तो म्हणाला, “सावकाश वाचा, वहिनी. मी बसतो.”

शकु मान वर न करता वाचत राहिली. शेवटच्या पानापर्यंत वाचलं, दोन प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं समासात लिहून घेतली आणि सही केली. मग उठून तिनं चकलीचा डबा उघडला.