कोसा केंद्रातल्या बांगड्या

मांडीवर टसर रेशमाच्या कोशाचा धागा वळून वळून कांताच्या मांडीची सालटी निघत. म्हणून खुशालभाऊ इंजिनिअर नागपूरहून पायानं चालवायची मशीन घेऊन आरमोरीच्या कोसा केंद्रात आला, तेव्हा तिला हायसं वाटलं. पण मशीनच्या तारेच्या कड्यांत धागा सारखा तुटे. खुशालभाऊ धागा काढणाऱ्या बायांमध्येच फतकल मारून बसला अन् म्हणाला, "आता तुम्हीच सांगा." सुकरी म्हणाली, कडी गुळगुळीत पायजे. शकुबाईनं हातातली काचेची बांगडी उतरवली, कांतानं ती सुतळीनं तारेला बांधली, आणि धागा सुळकन निघाला! मग प्रत्येकीनं एकेक बांगडी दिली. खुशालभाऊनं मशीनच्या पाटीवर सगळ्यांची नावं रंगवली.

केंद्रप्रमुख वामनरावांना दुसऱ्याचं चांगलं झालेलं सोसत नसे, हा त्यांचा जुनाच आजार. त्यांनी खुशालभाऊचं येणं बंद केलं, पाटी खरवडून स्वतःचं नाव घातलं. कांता तोंडावर बोलली, तर तिला परत मांडीवर धागा वळायला बसवलं, वर म्हणाले,

"मशीनीतलं बायांले काय कळते? बांगड्या भराव्या अन् गुमान राहावं!"

कांताच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या माणसाची चारचौघांत जिरवल्याशिवाय तिला अन्न गोड लागणार नव्हतं.

मुंबईचे साहेब मशीन बघायला आले तो बाजाराचा दिवस होता. पाहुणे चहा घेत होते, तेवढ्यात बायांनी मशीनवरची आपापली बांगडी सोडून हातात भरली.

"हे काय करून राह्यल्या?" वामनराव कुजबुजले.

कांता म्हणाली, "मशीन तुमची ना साहेब? बांगड्या आमच्या हायेत. तुमीच म्हटलं, भराव्या."

वामनरावांनी पायडल मारलं. धागा तुटला. पुन्हा तुटला. घामाघूम होऊन ते बाजारात पळाले, मागं कांता. भैयाजी कासारापुढे ते धापा टाकत बसले.

"बांगड्या दे, लवकर!"

भैयाजीला सगळं ठाऊक होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "हात इकडं करा साहेब. माप घेतल्याबिगर कशा भरू?"

अख्खा बाजार खो खो हसला. वामनराव रिकाम्या हातानंच उठले, तर समोर कांता हातातल्या बांगड्या वाजवत उभी.

"मले दे त्या, कांताबाई."

"पयले पाटी."

केंद्रात परत येऊन पाहुण्यांसमोर वामनरावांनी आपल्या हातानं आपलं नाव खरवडलं. खुशालभाऊचं नाव वर, त्याखाली एकेक बाईचं लिहिलं. शेवटचं नाव लिहून झालं, तेव्हाच कांतानं मनगटातली बांगडी उतरवली.